मागच्या काचेला दहापैकी किती

एका जंगलात एक मुंगूस "दोन" म्हणत होतं आणि एक मोर "दहा" म्हणत होता, आणि हे सकाळपासून चाललं होतं.

नीट बसा पोरांनो. भांडण असंच ऐकायचं असतं. आधी आवाज, मग कारण.

"दोन," मुंगूस म्हणालं.

"मावशी, दोन नाही हो म्हणता येत," मोर म्हणाला. "दोन ऐकलं की यंत्राचा लाल दिवा लागतो."

"मग लागू दे. दिवा लागण्यासाठीच ठेवलाय ना?"

"दहा म्हणा. एक शब्द तर आहे."

"दोन हाही एकच शब्द आहे."

मोराने एका पंखाने टेबलावरच्या यंत्राचा कान झाकून धरला होता. पंखाला मुंग्या आल्या होत्या, पण तो काढत नव्हता. यंत्राने चुकून दोन ऐकलं असतं तर पंचाईत होती.

आता कोण कोण ते सांगते.

मुंगसाचं नाव ठकूमावशी. वयाने म्हातारी, तोंडाने तरणी. तिच्याकडे एक विजेची गाडी होती. हौसेची नव्हे, कामाची. त्या जंगलात साप उदंड, आणि घुबडडॉक्टरांचा दवाखाना नदीपलीकडे, चार कोसांवर. कुणाला साप चावला की टिटवी ओरडायची, मावशी गाडी काढायची, चावलेल्याला मागच्या दारातून आत सरकवायची आणि निघायची. जुनी डिझेलची गाडी थकली तेव्हा तिने मुद्दाम विजेची घेतली, कारण हिला आवाज नाही. चावलेला आधीच घाबरलेला असतो, त्यात इंजिनाची घरघर कशाला?

दवाखान्यात पोचल्यावर घुबडडॉक्टर पहिला प्रश्न चावलेल्याला विचारत नसत. मावशीला विचारत. "चावून किती वेळ झाला?"

मावशी म्हणायची, "सतरा मिनिटं." मग डॉक्टर सतरा धरून औषध भरायचे. वीस नाही आणि पंधराही नाही. "असेल पाव तास" असं मावशी जन्मात कधी म्हणाली नव्हती. तिच्या आकड्यांमुळे त्या जंगलात कितीतरी जण चार पायांवर चालत होते, आणि काही दोन पायांवर.

मोर होता गाड्यांच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्राचा साहेब. केंद्र मोठं चकचकीत. आत थंड हवा, कॉफीचं यंत्र, बसायला मऊ कोच. गाडी दुरुस्त होत नसे, तेवढा वेळ बसायला फार चांगलं होतं.

आता काच कशी फुटली ते ऐका. हसू नका, त्यात हसण्यासारखं काही नाही. शहाण्यांनी मिळून केलेलं काम आहे ते.

नवी गाडी आली तसे पूजेला बगळेगुरुजी आले. एका पायावर उभे राहिले. गाडीचं पुढचं झाकण उघडायला लावून त्यांनी आत मान घातली. आत काहीच नव्हतं. एक पिशवी मावेल एवढा रिकामा खळगा.

"इंजिन कुठं आहे?" गुरुजींनी विचारलं.

"इंजिन नाही. मोटार आहे, ती मागच्या चाकांजवळ आहे," मावशी म्हणाली.

गुरुजींनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. लोकांना वाटलं त्यांना मासा दिसला. मग ते म्हणाले, "पूजा यंत्राची असते, दिव्यांची नसते. यंत्र जिकडं, तोंड तिकडं. हिची पूजा मागच्या बाजूनं."

सगळ्या जंगलाला पटलं. असं काही बोललं की जंगलाला लगेच पटतं. मग स्वस्तिक मागे काढलं. हार मागे घातला. लिंबं मागच्या चाकांखाली ठेवली. सगळे मागे हात जोडून उभे, आणि गाडीचं खरं तोंड जांभळीच्या बुंध्याकडे. वर्गात शिक्षा झाल्यासारखी उभी होती बिचारी.

नारळ फोडायचा मान बाळकू वानराचा. पण फोडायचा दगड सवयीप्रमाणे कुणीतरी पुढच्या बाजूला ठेवलेला. बाळकू तो आणायला निघाला, तर गुरुजी म्हणाले, "थांब. मुहूर्ताला दोन श्वास उरलेत."

दोन श्वासांत दगड कुठून आणणार? बाळकूने इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला जे कठीण दिसलं त्यावर नारळ हाणला.

ती मागची काच होती. तिचे खडीसाखरेएवढे तुकडे झाले. नारळाला काही झालं नाही.

"शुभ आहे," गुरुजी म्हणाले. "नजर उतरली."

"आणि काच?" मावशीने विचारलं.

"तीच तर उतरली."

विमावाल्याने कळवलं की पूजेत झालेली मोडतोड दैवी धरतात, आणि दैवी मोडतोड विम्यात बसत नाही. मावशीने तो नाद सोडला. काच स्वतःच बसवून घेऊ म्हणाली. काच ती काच.

तिठ्यावर कुंभारीण माशीचं दुकान होतं. चिखलाची घरटी बांधता बांधता ती काचा चिकटवायला शिकली होती, आणि गेली वीस वर्षं जंगलातल्या सगळ्या डिझेल गाड्यांच्या काचा तिनेच बसवल्या होत्या. ती गाडीभोवती एकदा फिरली. "आतले तुकडे झाडून काढते, कडा साफ करते, काच चिकटवते," ती म्हणाली. "दुपारी जेवून या. चिकटवलेलं वाळेपर्यंत दार आपटू नका म्हणजे झालं."

तेवढ्यात मोराचा निरोप आला. बाहेरचा हात लागला तर बॅटरीची हमी जाईल.

मावशी मोराकडे गेली. "काच आणि बॅटरीचा काय संबंध?"

"दोन्ही एकाच गाडीत आहेत," मोर म्हणाला.

बॅटरी गेली म्हणजे गाडी गेली. मावशीने मागच्या खिडकीवर पळसाची पानं टाचून घेतली आणि गाडी केंद्राकडे हाकली. पण काचेत बारीक तारा होत्या. त्या तुटल्यामुळे गाडीला वाटू लागलं की आपलं मागचं दार उघडं आहे, आणि दार उघडं असलं की ती पळायला तयार नसे. "मागचं दार उघडं आहे. कृपया दार बंद करा," असं गोड आवाजात म्हणत गोगलगाईच्या चालीने चालली. वाटेत एक खरी गोगलगाय तिला मागे टाकून गेली, आणि वर वळून पाहून गेली.

केंद्रात गाडी एकेचाळीस दिवस राहिली.

पहिले नऊ दिवस कुणी हात लावला नाही. विजेच्या गाडीला रबरी हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, असा नियम. हातमोजे घालायचं प्रमाणपत्र एकट्या उदमांजराकडे, आणि उदमांजर मेव्हणीच्या लग्नाला गेलेलं.

"काच बदलायला विजेचे हातमोजे कशाला?" मावशीने विचारलं.

"गाडी विजेची आहे," मोर म्हणाला. "काच तिचीच आहे."

मग वरच्या जंगलातून काच आली. वरच्या जंगलात कंपनी राहते. कंपनी कुणी पाहिलेली नाही, पण ती सगळं पाहते. आलेली काच पेट्रोलच्या गाडीची होती, तिच्यात तारा नव्हत्या. ती परत गेली. दुसरी आली, तिच्यात तारा होत्या. ती बसवली. गाडी म्हणाली, "मागचं दार उघडं आहे. कृपया दार बंद करा."

"आता काय झालं?"

"काच नवी आहे ना. गाडी तिला ओळखत नाही," मोर म्हणाला. "वरून परवलीचा आकडा येईल, मग ओळखेल."

"सून आहे का काच, ओळख करून द्यायला?"

मोर हसला. त्याला हसायला शिकवलेलं होतं.

मध्ये एकविसाव्या दिवशी एका भेकरीला नाग चावला. सांबरांनी आळीपाळीने तिला पाठीवर घेतलं. मावशी बाजूने पळत होती. नदीच्या उतारावर भेकरी गेली. तरी तिला दवाखान्यापर्यंत नेलं, कारण तिथं न्यायचं असतं. घुबडडॉक्टरांनी सवयीने विचारलं, "चावून किती वेळ झाला?" मावशी म्हणाली, "दोन तास दहा मिनिटं." डॉक्टरांनी औषध भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने हे केंद्रात जाऊन सांगितलं. मोराची मान खाली गेली. खरंच गेली, खोटं नाही सांगत. मग तो म्हणाला, "फार वाईट झालं. त्याच्यासाठी वेगळा अर्ज आहे. हिरवा."

एकेचाळिसाव्या दिवशी आकडा आला. गाडी गप्प झाली. काच सरळ बसली होती, तारा जागेवर होत्या, आत एक तुकडा राहिला नव्हता. हे काम खवल्या मांजराने केलं होतं. त्याने हातमोजे घातले होते का, हे मावशीने विचारलं नाही.

आणि मग मोर पेढा आणि यंत्र घेऊन आला.

"मावशी, वरच्या जंगलातून विचारतात, सेवेला दहापैकी किती गुण? तुम्ही यंत्राला सांगायचं. दहा ऐकलं की किल्ली सुटते."

"आणि कमी ऐकलं की?"

"चौकशी लागते. चौकशीला वरून लोक येतात. तोवर गाडी इथंच."

"किती दिवस?"

"मागच्या वेळी पावसाळा गेला."

मावशीने पेढा परत ठेवला. "माझे दोन."

असं ते भांडण लागलं होतं. आता आपण तिथं येऊन पोचलो.

"दोन तरी कशाचे?" मोराने विचारलं.

"एक काचेचा. सरळ बसली. एक खवल्याचा. मान वर न करता काम केलं त्यानं."

"आणि माझे?"

"तुझा पेढा चांगला होता. पण मी खाल्ला नाही."

तोवर दाराशी गर्दी जमली होती. ससे होते, साळिंदर होतं, बाळकू वानर होता, बगळेगुरुजी एका पायावर होते. भांडणाला लोक पूजेपेक्षा वेळेवर येतात.

"दोनच, मावशी," बाळकू मागून म्हणाला. "मागं हटू नका. कुणीतरी दाखवायलाच हवं यांना."

"तू किती दिले होतेस रे, तुझ्या गाडीच्या वेळी?"

बाळकूने शेपटी खाजवली. "दहाच. पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. गाडी पाहिजे होती दारात."

"आणि तू?" मावशीने सशाला विचारलं.

"दहा. पण माझी बायको अवघडलेली होती, मावशी. तिची नेहमीच असते."

साळिंदराने आपण होऊन सांगितलं, "माझे दहा. मला काही घाई नव्हती. पण मागचे म्हणाले, लवकर आटप."

गुरुजी म्हणाले, "मी देत नसतो, घेत असतो. पण दहा ही पूर्ण संख्या आहे."

"मग सगळ्या जंगलात खरं बोलायचा मक्ता माझ्याकडंच कसा आला?" मावशी म्हणाली.

"तुमच्याकडं शोभतो," ससा म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला.

मोराने आवाज खाली आणला. "मावशी, नऊ म्हटलं असतं तर मी वाटाघाट केली असती. पण वर नऊ म्हणजे नापास."

"दहापैकी नऊ नापास? कुठली रे ही शाळा?"

"आमची."

"अरे मोरा, मी जन्मभर आकडेच सांगत आले. माझा आकडा चुकला तर औषध चुकतं. सतराला सतरा म्हणणारं तोंड आहे हे. आज काचेला दहा म्हटलं, तर उद्या डॉक्टरांनी माझ्या सतरावर विश्वास का ठेवावा?"

मोराने गर्दीकडे तोंड केलं आणि मावशीकडे पाठ. पिसारा नेहमीसारखा उघडला नाही, थोडासा फक्त उचलला. खाली कातडी दिसत होती. नऊ ठिकाणी.

"एक गुण कमी पडला की वरचे एक पीस उपटतात," तो म्हणाला. "तुमचे दोन म्हणजे आठ. आठ गेली की मला कुणी मोर म्हणणार नाही. मग मी कोंबडा, आणि कोंबड्याचं जंगलात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

मावशीने त्या नऊ जागा पाहिल्या. तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून तिचा राग गेला नाही, उलट कुणावर काढायचा ते कळेना म्हणून वाढला.

"तुझी पिसं मी उपटली नाहीत."

"नाही. पण उरलेली तुमच्या हातात आहेत."

"आणि भेकरी कुणाच्या हातात होती?"

मोराने पंख यंत्रावर घट्ट दाबला.

"दोन," मावशी म्हणाली.

"दहा," मोर म्हणाला.

"दोघांनी थोडं थोडं पुढं यावं," गुरुजी म्हणाले. "सहा."

"सहाला तुमची चोच उपटतील का?" मोराने विचारलं. गुरुजींनी दुसरा पाय खाली घेतला.

तेवढ्यात टिटवी ओरडली.

ती केंद्राच्या छपरावर येऊन बसली. धापा टाकत होती. "नाल्यापलीकडं चावला. मण्यार आहे."

"कुणाला?" मावशीने विचारलं.

"गवत उंच आहे. दिसत नाही कोण ते. आवाज येतोय."

नाल्यापलीकडे सशाचं अख्खं बिऱ्हाड होतं. बाळकूची पोर तिकडेच नांदत होती. साळिंदराचा भाऊ तिकडे मुळं उकरायला गेला होता. गुरुजींचं घरटं नाल्याच्या काठावरच. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापली माणसं मोजू लागला.

"किती वेळ झाला?" मावशी म्हणाली.

"इथं दाराशी गर्दी जमत होती, तेव्हाच पहिली किंकाळी आली. मला वाटलं कुणी खेळतंय."

मावशीने मनात हिशेब केला. नऊ मिनिटं. नाल्याला पाच. दवाखान्याला पंधरा, गाडी धड पळाली तर.

"किल्ली सोड," ती मोराला म्हणाली.

"मला सोडता येत नाही." मोराचा आवाज आता बारीक झाला होता. "शप्पथ. ती यंत्रातच आहे."

"मग तूच म्हण त्याला दहा."

"ते गिऱ्हाइकाचा आवाज ओळखतं. माझं ऐकत नाही. ऐकत असतं तर मी सकाळपासून इथं पंख धरून उभा राहिलो असतो का?"

"मावशी, म्हणा ना दहा," बाळकू म्हणाला. मघाशी दोन म्हणत होता तोच हा बाळकू. "काय जातंय तुमचं?"

"एका आकड्यासाठी एवढं धरून बसायचं म्हणजे अहंकार झाला," गुरुजी म्हणाले.

"शेवटी काच चांगली बसलीय," साळिंदर म्हणालं. "मी बघितली."

सशाचे नुसते ओठ हलत होते. तो अजून मोजत होता, त्याला बरेच मोजायचे होते.

मावशीने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग काचेतून आरपार पाहिलं. काच खरंच चांगली बसली होती, पलीकडचं झाड सरळ दिसत होतं. नाल्याच्या बाजूने पुन्हा आवाज आला. या वेळी आधीपेक्षा हळू.

ती टेबलावर चढली. मोराचा पंख तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारला, यंत्राच्या कानाशी तोंड नेलं, आणि ज्या आवाजात ती डॉक्टरांना मिनिटं सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "दहा घे, वर माझ्याकडून एक घे, पण किल्ली सोड."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते चूक नाही, अर्धवट आहे. खरं बोलायला सवड लागते. ज्याला कुठेच पोचायचं नाही त्याने खुशाल खरं बोलावं. ज्याला कुणालातरी पोचवायचं आहे त्याने दहा म्हणून मोकळं व्हावं. आणि एखाद्या दारावर दहापैकी दहाची पाटी दिसली, तर आत काम चांगलं होतं असं धरून चालू नये. गिऱ्हाइकं घाईत होती, एवढंच धरावं.